पश्चिमेकडची भिंत

बेळगावात घर बांधायला निघालेला माणूस दिशांबद्दल जेवढं बोलतो तेवढं गलबतावरचा तांडेलही बोलत नसेल. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, मालकाची खोली नैर्ऋत्येला. पूर्वेला तोंड असलेल्या साईटचा दर चढा, पश्चिमेला तोंड असेल तर घासाघीस करायला वाव. एवढा खल झाल्यावर एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. आपल्याकडं पाऊस कुठल्या बाजूनं येतो, आणि एप्रिलात दुपारी चार वाजता ऊन कुठल्या भिंतीवर असतं?

दोन्हींचं उत्तर पश्चिम. जूनपासून सह्याद्री ओलांडून येणारा पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येच्या भिंतीला झोडपतो आणि मार्च ते मे तीच भिंत भाजून निघते. वर्षातले सात महिने घराचं हवेशी जे काही भांडण चालतं ते मुख्यतः या एका भिंतीवर. मी टिळकवाडीत बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढतो. हल्ली येणारा जवळजवळ प्रत्येक जण मोबाईलमध्ये एक चित्र घेऊन येतो, बंगळूरचं नाहीतर पुण्याचं. समोर दोन मजली काच, कडेला एसीपीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पॅनेलची, पट्टी, बाकी सगळं गडद करडं. "सर, एलिव्हेशन असं पाहिजे बघा." रस्ता पश्चिमेला असला की काचही पश्चिमेला येणार हे ओघानं आलंच. मग दुसऱ्या बैठकीत, घर 'ग्रीन' करायचंय, काय काय घालता येईल, असा प्रश्न येतो. घालण्याच्या वस्तूंची यादी त्यांच्याकडं तयारच असते : सोलर, एलईडी, सेन्सरवाले नळ. भिंत त्या यादीत नसते.

माझ्या आत्तीचं घर जांबोटीच्या पुढं, खानापूर तालुक्यात. तिच्या घराला पश्चिमेकडं एकही खिडकी नव्हती. आर्किटेक्चरला असताना सुट्टीत गेलो की मी उगाच शहाणपणा करायचो, इकडं एक खिडकी पाडली तर केवढा उजेड येईल म्हणून. आत्ती चुलीसमोरून मान न वळवता म्हणायची, "तिकडनं पाऊस येतंय. तिकडं खिडकी कोण ठेवतंय काय रे? तुमच्या कॉलेजात हे सांगीत न्हाईत?"

त्या बाजूला काय होतं ते सांगतो, कारण त्यानंतर मी जे शिकलो त्यातलं बरंच तिथं आधीच उभं होतं. भिंत जांभ्या चिऱ्याची, हातभर जाड, बाहेरून गिलावा नाही. तिला लागून गोठा. मुख्य छपराचंच पाखं, म्हणजे उतरती बाजू, पुढं ओढून गोठ्यावर आणलेलं, इतकं खाली की मोठ्या माणसाला वाकूनच आत शिरावं लागे. मे महिन्यात वळीव सुरू व्हायच्या आत गोठ्याच्या आतल्या भिंतीला सरपण आणि शेणी रचून ठेवायच्या, पार पाख्यापर्यंत. बाहेरच्या उघड्या बाजूला बांबूच्या कामट्यांवर गवत बांधून झड उभी करायची. म्हणजे पाऊस आधी झडीला लागणार, मग गोठा, मग सरपण, आणि त्याच्या आड भिंत. दिवाळीनंतर झड सोडायची, सरपण हळूहळू चुलीत जायचं. उन्हाळ्यात सरपण संपलं तरी गोठ्याची सावली भिंतीवर राहायचीच. दमट हवेतल्या घराला कसलं कवच हवं यावर पुढं मी जाडजूड पुस्तकं वाचली. त्यांत दरवर्षी बदलता येणारं, शेवटी जाळून त्यावर भात शिजवता येणारं कवच मला कुठं सापडलं नाही.

वर कौलं. नळीची जाऊन मंगळुरी कौलं आली ती माझ्या जन्माच्या आधी. मंगळुरात बासेल मिशनच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडं पसरली. खानापूरची माती तशीही मडकी-कौलांसाठी नावाजलेली. कौलांच्या फटींतून चुलीचा धूर बाहेर जायचा, त्याच्यासोबत गरम हवाही. जाता जाता माळ्यावरचं भात सुकं ठेवायचा, लाकडाला कीड लागू द्यायचा नाही. हे सगळं खरं. आणि आत्तीचे डोळे बारा महिने लाल असायचे, हेही खरं. त्या स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागे. जुन्या घरांवर लिहिणारे धुराचं कौतुक करताना डोळ्यांचं सोडून देतात.

आता याच जिल्ह्यात पूर्वेला चला. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीला पाऊस वर्षाला काही हजार मिलिमीटर पडतो. बेळगाव शहरात साधारण बाराशे-तेराशे. सौंदत्ती, अथणीकडं जाईतो तो पाचशे-सहाशेवर आलेला असतो. मधे डोंगर नाही, सीमा नाही, फक्त एसटीच्या खिडकीतून दिसणारी माती तांबडीची काळी होत जाते आणि छपरं सपाट होत जातात. सौंदत्तीकडच्या एका मित्राचं जुनं घर माळवदाचं. लाकडी तुळया, त्यावर दाट काटक्या, त्यावर फूट-दीड फूट पांढरी माती चोपून बसवलेली. भिंती एवढ्या जाड की दिवळीत माणूस बसेल. खिडक्या नावापुरत्या. उजेडासाठी माळवदाला मधोमध एक भोक, आणि पाऊस आला की कुणीतरी धावत वर जाऊन त्यावर परात पालथी घालायची. मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या घरात गेलं की थंडावा अंगाला जाणवतो. तेच घर जांबोटीला बांधलं तर पहिल्या जुलैतच माळवद अंगावर येईल. आत्तीचं घर सौंदत्तीला नेलं तर कौलांखाली माणूस भाजून निघेल.

म्हणून 'आपली पारंपरिक घरं' असं कुणी सरसकट म्हणालं की मी विचारतो, कुठल्या स्टॉपवरची?

बांधकामाच्या सरकारी संहितांना हा प्रश्न पडत नाही. त्यांनी देशाचे पाच हवामान-विभाग केले आहेत आणि त्यात बेळगावला उष्ण-दमट या खान्यात बसवलंय. डिसेंबरात इथं पहाटे शेकोटी पेटवणाऱ्याला हे ऐकून हसू येईल, पण पाच खान्यांत देश बसवायचा म्हटल्यावर असं होणारच. घरांसाठीची ऊर्जासंहिता, 'इको-निवास संहिता', २०१८ साली आली. वाईट नाही. भिंतींतून किती उष्णता आत यावी याला तिनं मर्यादा घातली, छपराला घातली, आणि उष्ण-दमट भागात उघडता येणाऱ्या खिडक्या घराच्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा, असाव्यात असं सांगितलं. पण ती लागू होते ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर. आमची ३० बाय ४० ची साईट भरते १११ चौरस मीटर. अनगोळ, वडगाव, शहापुरात मी जे काढतो त्यातल्या बहुतेक घरांना ही संहिता विचारत नाही, आणि ती घरंही तिला विचारत नाहीत.

तरी तो सहाव्या हिश्श्याचा हिशेब मी गिऱ्हाईकासमोर करून दाखवतो, कारण त्यातून एक गंमत बाहेर येते. १० बाय १२ ची खोली, म्हणजे १२० चौरस फूट. सहावा हिस्सा २० चौरस फूट. पाच बाय चारची खिडकी ठेवली की झालं, कागदावर. पण आता बसवतात ती सरकती ॲल्युमिनियमची नाहीतर यूपीव्हीसी प्लॅस्टिकची खिडकी. एक झडप दुसऱ्यावर सरकतं, म्हणजे उघडली तरी अर्धीच उघडते. २० चे १० झाले. जुन्या खडेबाजारातल्या घरांच्या लाकडी खिडक्या पाहा. वर दोन दारं, खाली दोन दारं, मधे उभे गज. चारही उघडली की सगळी खिडकी उघडी. खालची दोन लावली की रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही आणि वरून वारा सुरूच. पावसात वरची दोन लावायची. सरकत्या खिडकीची जाहिरात मात्र 'मॉडर्न' म्हणून होते. बाहेर उघडणारी दारं ग्रिलमध्ये अडकतात हे खरं आहे. त्यावर उपाय ग्रिल चार इंच बाहेर घेणं एवढाच असतो. गवंडी कुरकुरतो, करतो.

छपराचं प्रकरण निराळं, आणि तिथं बेळगावनं स्वतःचा तोडगा काढलाय. बाहेरगावचे आर्किटेक्ट त्याला नाकं मुरडतात. कुठल्याही उंच गच्चीवरून शहराकडं बघा : स्लॅबवर पत्रा. लोखंडी पाईपांचे खांब, वर निळा, हिरवा नाहीतर तांबडा पत्रा, चारही बाजू उघड्या. लोकांनी हे केलं गळतीपायी. सपाट स्लॅब चार महिने पावसात उभा राहिला की कितीही वॉटरप्रूफिंग करा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी छताला नकाशे उमटतात. शेवटी कंटाळून माणूस पत्रा मारतो. आणि पुढच्या एप्रिलात त्याच्या लक्षात येतं की वरच्या मजल्यावर झोप लागायला लागली.

बेळगाव साधारण पावणेसोळा अंश अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात इथं सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबातच जिरते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मार खाते ती गच्ची, आणि तिच्यानंतर पश्चिमेची भिंत. दक्षिणेचं फारसं भ्यायचं कारण नाही, तिकडं दीड-दोन फुटी छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. उघडा सहा इंची स्लॅब संहितेच्या मर्यादेच्या साधारण तिप्पट उष्णता खाली सोडतो, आणि लगेच सोडत नाही. दुपारी खाल्लेली उष्णता संध्याकाळी आठ-नऊनंतर, माणूस गादीवर पडला की, सावकाश अंगावर सोडतो. पत्र्याची सावली पडली की स्लॅब तापतच नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा गरम हवा घेऊन जातो. दुहेरी छप्पर म्हणून परदेशी मासिकांत ज्याचे रंगीत फोटो येतात, ते आमच्या शहापुरात वाळवणाच्या दोऱ्यांसकट उभं आहे.

त्यात सुधारायला जागा आहे. पत्रा गडद रंगाचा घेतला तर तोच तापून खाली उष्णता फेकतो. पांढरा किंवा फिकट घ्यावा. आणि पुढं सोलर बसवायचं मनात असेल तर खांब-कैच्या आधीच तेवढ्या मजबूत कराव्यात, वळवाच्या वाऱ्याचा हिशेब धरून. हे पत्रा मारून झाल्यावर सांगण्यात अर्थ नसतो, आणि विचारायला लोक नेमके तेव्हाच येतात.

मातीच्या घरांबद्दल भाबडेपणानं बोलायची सोय २०१९ च्या ऑगस्टनं ठेवली नाही. त्या पुरात आणि झडीत आपल्या जिल्ह्यात गावोगाव घरं पडली, आणि पडली ती बहुतेक मातीच्या भिंतींची. ज्यांचं घर पूर्ण पडलं त्यांना सरकारनं पाच लाख जाहीर केले. त्यानंतर त्या लोकांनी सिमेंटचे ब्लॉक आणि स्लॅब घातला तर त्यांना परंपरेचे धडे कुणी द्यावेत? मी तरी देणार नाही. ज्याची आई रात्रभर देवळात बसून काढते त्याला भिंतीच्या श्वासोच्छ्वासात रस नसतो. पण त्याच पावसात दगडी जोत्यावरच्या, चिऱ्याच्या, छपराचं पाखं पुढं असलेल्या भिंती उभ्या राहिलेल्याही मी पाहिल्यात. घात होतो तो पाणी पायथ्याला आणि माथ्याला शिरल्यानं. जोतं उंच आणि छप्पर रुंद एवढं सांभाळलं तर मातीलाही बरंच आयुष्य असतं.

जगात माणूस जो कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा. तेव्हा घर बांधून झाल्यावर दिवे कोणते लावायचे याच्या आधी, बांधताना काय ओतलं हा हिशेब आहे. चिऱ्याला भट्टी लागत नाही. खाणीतून कापून काढायचा. ओला असताना मऊ, हवा लागली की घट्ट होत जातो. आपल्या शेजारी आहे, ट्रक लांबून यावा लागत नाही. तरी हल्ली चिऱ्याची भिंत बांधून तिला दोन्हीकडून सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी, वर रंग. का, तर 'कौलारू गावठी' दिसू नये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'अस्त्र' नावाचा विभाग सुरू झाला, तिथं दाबून केलेल्या मातीच्या विटांवर वर्षानुवर्षं काम झालं. तिरुअनंतपुरमला वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या खालच्या अंगात, जिथं काँक्रीट फारसं ओझं पेलत नाही, तिथं कौलं घालून काँक्रीट वाचवलं. पहिली गोष्ट आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे, दुसरी त्याहून लांब. मी एकदा कौलं घातलेल्या स्लॅबचा विषय स्लॅबचे साचे बांधणाऱ्या सेंट्रिंगवाल्याकडं काढला. तो बराच वेळ नकाशाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "करूया की. पण सायेब, गळ्ळं तर नाव माझं." त्याचं काही चुकलं नव्हतं. नवीन पद्धतीचा धोका शेवटी ज्याच्या डोक्यावर येतो तो सेमिनारला नसतो.

कौलांचं म्हणाल तर ती आता उतरवलेल्या वाड्यांच्या ढिगाऱ्यांतून विकत मिळतात. जांबोटीच्या रस्त्याला जी नवी रिसॉर्टं झाली त्यांच्या स्लॅबवर ती शोभेला चिकटवलेली दिसतात, खाली खोलीत एसी.

विजेचं गणितही इथं जरा वेगळं चालतं. कर्नाटकात २०२३ पासून मोफत विजेची गृहज्योती योजना आहे. २०० युनिटांपर्यंत, आधीच्या सरासरीवर दहा टक्के वाढ धरून, बिल शून्य. गरिबाच्या घरी त्याचा आधार आहे, त्यावर टोमणे मारणारे बहुधा त्या घरांत राहिलेले नसतात. पण शून्य बिल येणाऱ्याला जुना ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी पंखा लावा म्हणून काय पटवणार? तीच गोष्ट सोलरची. केंद्राच्या सूर्यघर योजनेत २०२४ पासून तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, पण विचारायला येतात ते दोन-दोन एसीवाले. सोलर वॉटर हीटर मात्र इथं आधीपासून रुजलाय. त्याचं एकच : जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. खासबागेतल्या एका घरी टेरेसवर हीटरची नवी टाकी आणि खाली परसात तांब्याचा बंब, दोन्ही चालू आहेत. सासूबाई बंबाला जळण घालतात, सून हीटरचा नळ सोडते, आणि माझ्या मते घरातली पाणी तापवायची सोय उत्तम आहे.

पाण्यावरून आठवलं. हजार-अकराशे चौरस फुटांच्या छपरावर बेळगावचा वर्षाचा पाऊस धरला, गळती-बाष्प वजा केलं, तरी लाखभर लिटर भरतो. टिळकवाडीतल्या जुन्या घरांना आड होते. काहींचे अजून आहेत, काहींवर स्लॅब टाकून गाडी लावतात. पत्र्याची पन्हाळ त्या आडात सोडायला पाईप आणि वाळूची गाळणी एवढंच लागतं.

एवढं सगळं बोलून झालं तरी मला सगळ्यात जास्त अडतं ते घराच्या आकारापाशी. बेळगावची पोरं पुण्याला जातात, बंगळूरला जातात, पुढं कुठं कुठं जातात. मागं आईवडील राहतात आणि त्यांच्याभोवती घर वाढत जातं. मुलगा यील म्हणून एक खोली, मुलगी-जावई येतील म्हणून एक, पाहुण्यांना एक. गणपतीचे पाच दिवस आणि मे महिना सोडला तर त्या खोल्यांत गाद्यांच्या गुंडाळ्या असतात. हलग्याजवळचं सुवर्ण विधानसौध, कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, २०१२ पासून उभं आहे, आणि अधिवेशन तिथं भरतं ते वर्षातून थोडेच दिवस. पण सरकारला नावं ठेवणाऱ्यानं आधी स्वतःचा वरचा मजला उघडून बघावा.

सध्या असंच एक जोडपं माझ्याकडं येतंय. काका बँकेतून निवृत्त, काकी शिक्षिका होत्या. साईट पश्चिमेला तोंड करून. त्यांना तीन मजले हवे होते. मी एक मजला आणि वर एक खोली काढली. पश्चिमेला, रस्त्याच्या अंगाला, जिना, न्हाणी आणि गाडीची पडवी. पडवीचं छप्पर चांगलं खाली ओढलेलं. बसायची खोली आत, पूर्वेच्या परसाकडं. पश्चिमेच्या भिंतीला जाळीच्या विटा, मागं दोन फूट मोकळी जागा. काकींना परसाकडची खोली लगेच आवडली. काकांनी नकाशा उलटा-सुलटा धरून पाहिला. "समोरनं घर दिसतच न्हाई की हो. लोक म्हणतील, न्हाणीघर बांधलंय काय रस्त्यावर?"

मी म्हटलं, पडवीचे खांब चांगले करू, दगडाचे.

"आणि काच?"

काच पूर्वेला देतो म्हटलं, हवी तेवढी. त्यांनी नकाशा घरी नेला. रात्री मुलाला बंगळूरला व्हिडिओ कॉलवर दाखवणार आहेत. मुलगा सिव्हिल इंजिनिअर नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.